ब्रिटनमधील ‘लाइफ इन द यूके’ परीक्षेची तयारी कशी करावी

ब्रिटनमध्ये कायमचे वास्तव्य करू इच्छिणाऱ्या किंवा तिथले नागरिकत्व मागणाऱ्या बहुतेक प्रौढ व्यक्तींना ‘लाइफ इन द यूके’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. संगणकावर घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत २४ प्रश्न असतात, ते सोडवण्यासाठी ४५ मिनिटे मिळतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ७५ टक्के, म्हणजे १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. आकडे पाहून परीक्षा किरकोळ वाटते. तरीही अनेक वर्षे तिथे नोकरी केलेले, वेळेवर कर भरणारे आणि इंग्रजीत सफाईने बोलणारे लोक हिच्यात अनुत्तीर्ण होतात, कारण नावात ‘लाइफ’ असले तरी ही परीक्षा प्रत्यक्षात एका पुस्तकाची आहे. शेजारधर्म, कार्यालयातील अनुभव किंवा वर्तमानपत्रांचे वाचन यांतून मिळालेले ज्ञान इथे फारसे उपयोगी पडत नाही. त्या पुस्तकात काय छापले आहे, एवढेच विचारले जाते.

परीक्षा कोणाला द्यावी लागते, हे आधी स्पष्ट केलेले बरे. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या आणि ६५ वर्षे पूर्ण न केलेल्या अर्जदाराला ती सक्तीची आहे. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीबरोबर तिचा जोडीदार अवलंबित म्हणून आलेला असेल, तर कायम वास्तव्याच्या, म्हणजे आयएलआरच्या, अर्जासाठी दोघांनाही ती स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावी लागते. एकाने अभ्यास करून दोघांचे भागत नाही. दीर्घकालीन शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे परीक्षा देणे शक्य नसल्यास डॉक्टरांच्या लेखी निर्वाळ्यावर सूट मागता येते. आयएलआरसाठी एकदा उत्तीर्ण झाल्यावर पुढे नागरिकत्वाच्या अर्जासाठी पुन्हा बसावे लागत नाही आणि या निकालाला मुदतही नसते. त्यामुळे भारतीय पासपोर्ट सोडायचा की नाही याबद्दल ज्यांचा निर्णय झालेला नाही, त्यांनीही परीक्षा लवकर देऊन टाकावी. आयएलआरच्या अर्जाची तारीख तोंडावर आली असताना परीक्षेची धावपळ करणे हा टाळता येण्याजोगा त्रास आहे. इंग्रजी भाषेच्या ज्ञानाचा पुरावा ही मात्र वेगळी अट आहे. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याने ती पूर्ण होत नाही.

पुस्तक आणि त्याची प्रत

अधिकृत पुस्तकाचे नाव ‘लाइफ इन द युनायटेड किंगडम: अ गाइड फॉर न्यू रेसिडेंट्स’ असे असून ते ब्रिटनच्या गृहखात्यातर्फे प्रसिद्ध केले जाते. त्याची तिसरी आवृत्ती २०१३ साली आली आणि परीक्षेतील प्रश्न तिच्यावरच बेतलेले असतात. पुस्तकात पाच प्रकरणे आहेत. देशाची मूल्ये व तत्त्वे, देशाची ओळख, इतिहास, आजचा समाज आणि शेवटी राज्यकारभार, कायदा व नागरिकाची भूमिका असा त्यांचा क्रम आहे. पहिली दोन प्रकरणे लहान आहेत. खरा अभ्यास तिसऱ्या आणि चौथ्या प्रकरणाचा असून पाचवे प्रकरण भारतीय वाचकाला सोपे वाटते आणि म्हणूनच कधी कधी फसवते.

आपल्याकडे आधी परीक्षा दिलेल्या मित्राचे पुस्तक मागून आणण्याची पद्धत आहे. या परीक्षेच्या बाबतीत ती जपून पाळावी, कारण आवृत्ती तीच असली तरी दरम्यानच्या काळात देश बराच बदलला आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला, ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ दुसरी यांचे निधन होऊन चार्ल्स तिसरे राजे झाले, आणि पुस्तक प्रथम निघाले तेव्हाचे अनेक पदाधिकारी आज त्या पदांवर नाहीत. म्हणून शक्यतो अलीकडे छापलेली प्रत विकत घ्यावी. परीक्षेच्या ५० पौंड शुल्काच्या तुलनेत पुस्तकाचा खर्च फार नाही आणि एकदा अनुत्तीर्ण झाल्यास ते शुल्क पुन्हा भरावे लागते.

भारतातून आलेल्या वाचकाला या पुस्तकातील साम्राज्याविषयीचा मजकूर खटकण्याची दाट शक्यता आहे आणि ते स्वाभाविक आहे. शाळेत आपण जो इतिहास शिकलो, त्यात ज्या घटनांना पानेच्या पाने दिलेली असतात, त्या इथे एखाद्या वाक्यात येतात किंवा येतही नाहीत. तिसऱ्या आवृत्तीत १९४७ साली भारत, पाकिस्तान आणि सिलोन यांच्यासह नऊ देशांना स्वातंत्र्य देण्यात आले, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. वास्तविक सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, १९४८ साली स्वतंत्र झाली. या पुस्तकातील इतिहासलेखनावर २०२० मध्ये शंभराहून अधिक इतिहासकारांनी एकत्रितपणे जाहीर टीकाही केली होती. ही टीका योग्य आहे असे माझे मत आहे, परंतु परीक्षेच्या खोलीत त्या मताचा उपयोग नाही. जिथे पुस्तक आणि वस्तुस्थिती यांत फरक दिसेल, तिथे पुस्तकातील विधान वेगळ्या रंगाने अधोरेखित करून ठेवावे आणि उत्तर देताना तेच द्यावे.

इतिहास वाचण्याची रीत

बहुतेक जण सनावळी पाठ करण्यापासून सुरुवात करतात आणि पंधरा-वीस पानांनंतर कंटाळतात. त्याऐवजी संपूर्ण इतिहास एकदा नुसता गोष्टीसारखा वाचून काढावा, वाचताना काहीही लिहून घेऊ नये आणि पाठही करू नये. दुसऱ्या वाचनात प्रत्येक घटनेचे कारण शोधावे. सतराव्या शतकाचे उदाहरण घेऊ. राजा पहिला चार्ल्स याला संसदेला न जुमानता राज्य करायचे होते, त्यातून १६४२ साली यादवी युद्ध पेटले, १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला आणि देश प्रजासत्ताक होऊन पुढे ऑलिव्हर क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. त्याच्या मृत्यूनंतर ही व्यवस्था टिकली नाही, म्हणून १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला परत बोलावण्यात आले. त्याचा भाऊ दुसरा जेम्स कॅथलिक असल्याने पुन्हा संघर्ष उभा राहिला, १६८८ मध्ये विल्यम ऑफ ऑरेंज याला निमंत्रण गेले आणि १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने राजाच्या अधिकारांवर कायमची मर्यादा आली. ही साखळी समजली की १६४२, १६४९, १६६०, १६८८ आणि १६८९ ही पाच साले वेगळी पाठ करावी लागत नाहीत, कारण त्यांतील प्रत्येक साल आधीच्या सालाचा परिणाम म्हणून आठवते.

तिसऱ्या वाचनात मात्र सनावळ्यांकडे वळावे आणि तेव्हाही सरसकट सगळ्या नकोत. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, १२१५ चा मॅग्ना कार्टा, १३४८ ची प्लेगची साथ, १४८५ ची बॉसवर्थची लढाई, १५८८ मधील स्पॅनिश आरमाराचा पराभव, १७०७ चे इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण, १८०५ ची ट्रफाल्गरची आणि १८१५ ची वॉटर्लूची लढाई हे मैलाचे दगड पक्के करावेत आणि बाकीच्या घटना त्यांच्या आधी की नंतर, एवढे सांगता यावे. प्रश्नातील पर्याय बहुधा एकमेकांपासून पुरेसे दूर असतात, त्यामुळे शतक ठाऊक असले तरी पुष्कळदा योग्य उत्तर निवडता येते.

खरी अडचण एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जोड्यांची असते आणि अभ्यासाचा सर्वाधिक वेळ त्यांनाच द्यावा. हेबियस कॉर्पस कायदा १६७९ चा आणि बिल ऑफ राइट्स १६८९ चे. दोहोंत दहा वर्षांचे अंतर आणि दोन्ही नागरिकांच्या हक्कांशी निगडित. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बेकायदा ठरला, परंतु साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये झाला. तीस वर्षांवरील स्त्रियांना १९१८ मध्ये मताधिकार मिळाला, पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी तो मिळण्यासाठी १९२८ उजाडावे लागले आणि सर्वांसाठी वयाची अट १८ वर आली ती १९६९ मध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कल्याणकारी राज्याच्या भागात बेव्हरिज आणि बेव्हन ही दोन नावे हमखास गोंधळात टाकतात. विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ मध्ये अहवाल लिहिला, तर अनायरिन बेव्हन यांनी आरोग्यमंत्री म्हणून १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू केली. त्याच ओघात शिक्षण कायदा, १९४४ आणि तो मांडणारे रॅब बटलर यांचीही नोंद करून ठेवावी. अशा जोड्या एका स्वतंत्र वहीत समोरासमोर लिहिल्या की दोन्हींतील फरक डोळ्यांपुढे राहतो.

आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची नावे आणि त्यांचे काय झाले हेही पुस्तकात सविस्तर आहे. तिथली शाळकरी मुले ते एका लयीत म्हणतात आणि आपणही मराठीत तसे म्हणून पाहावे: घटस्फोट, शिरच्छेद, मृत्यू, घटस्फोट, शिरच्छेद, आणि सहावी मागे उरली. क्रम पक्का झाला की कॅथरिन नावाच्या तीन राण्यांचा घोळ होत नाही, कारण पहिली कॅथरिन ऑफ अॅरॅगॉन, पाचवी कॅथरिन हॉवर्ड आणि सहावी कॅथरिन पार.

पुस्तकात एका भारतीय माणसाची गोष्टही भेटते आणि ती लक्षात राहायला कष्ट पडत नाहीत. १७५९ साली जन्मलेले आणि पाटण्याचे असलेले दीन महोमेद बंगालच्या सैन्यात नोकरी करून पुढे आयर्लंडमार्गे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आणि १८१० मध्ये त्यांनी लंडनमधील जॉर्ज स्ट्रीट येथे ‘हिंदुस्थानी कॉफी हाउस’ काढले. ब्रिटनमधील ते पहिले भारतीय पद्धतीचे उपाहारगृह मानले जाते. चंपीची, म्हणजे डोक्याच्या मालिशची, कला तिथे नेण्याचे श्रेयही पुस्तक त्यांना आणि त्यांच्या पत्नीला देते.

देश, समाज आणि राज्यकारभार

संपूर्ण देशाला सरसकट इंग्लंड म्हणण्याची आपली जुनी सवय या परीक्षेपुरती तरी सोडावी. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन होते, त्यात उत्तर आयर्लंड धरले की युनायटेड किंगडम होते, आणि चॅनेल बेटे व आइल ऑफ मॅन हे प्रदेश राजसत्तेशी संबंधित असले तरी युनायटेड किंगडमचा भाग नाहीत. संघध्वजात इंग्लंडचा सेंट जॉर्ज, स्कॉटलंडचा सेंट अँड्र्यू आणि आयर्लंडचा सेंट पॅट्रिक यांचे क्रॉस आहेत. वेल्सच्या ड्रॅगनला त्यात जागा नाही, कारण ध्वज तयार झाला त्या वेळी वेल्स इंग्लंडशी आधीच जोडलेले होते. चार संतांचे दिवसही विचारले जातात. वर्षाच्या क्रमाने सेंट डेव्हिड १ मार्च, सेंट पॅट्रिक १७ मार्च, सेंट जॉर्ज २३ एप्रिल आणि सेंट अँड्र्यू ३० नोव्हेंबर.

चौथ्या प्रकरणात खेळाडू, चित्रकार, संगीतकार, लेखक आणि शोध यांची इतकी नावे येतात की वाचणाऱ्याला दडपण यावे. इथे माझा सल्ला असा आहे की ओळखीच्या नावांवर वेळ घालवू नये. क्रिकेट, शेक्सपिअर आणि टिम बर्नर्स-ली यांबद्दल बहुतेकांना आधीच ठाऊक असते. अपरिचित नावांपुढे मात्र एकेकच शब्द लिहावा, जसे गुस्ताव होल्स्टपुढे ‘ग्रह’, कारण ‘द प्लॅनेट्स’ ही रचना त्याची. फ्रँक व्हिटलपुढे ‘जेट’. जॉन लोगी बेअर्डपुढे ‘दूरचित्रवाणी’. रॉजर बॅनिस्टरपुढे ‘मैल’, कारण १९५४ मध्ये चार मिनिटांच्या आत एक मैल धावणारा तो पहिला माणूस. प्रश्न त्याहून खोल क्वचितच जातो.

राज्यकारभाराचे प्रकरण वाचताना भारतीय वाचकाला सारे ओळखीचे वाटते. कनिष्ठ सभागृह, मतदारसंघ, सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, पंतप्रधान, मंत्रिमंडळ आणि पक्षनिरपेक्ष सभापती ही आपल्याकडील रचना तिथूनच आलेली आहे. म्हणून वाचन घाईने होते आणि फरक निसटतात. ब्रिटनची राज्यघटना एका दस्तऐवजात लिहिलेली नाही, लॉर्ड्सच्या सभागृहातील सदस्य लोकांनी किंवा विधानसभांनी निवडून दिलेले नसतात, आणि स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांना स्वतःची विधिमंडळे असूनही इंग्लंडला वेगळे विधिमंडळ नाही. न्यायव्यवस्थेत तर फरक अधिक आहेत. भारतात ज्युरीपद्धत उरलेली नाही, त्यामुळे इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ज्युरीत १२ सदस्य असतात, तर स्कॉटलंडमध्ये १५, हे नव्यानेच शिकावे लागते. दिवाणी व फौजदारी न्यायालयांची नावे स्कॉटलंडमध्ये वेगळी आहेत आणि त्यावर प्रश्न येऊ शकतो. या प्रकरणासाठी दोन रकाने आखून एका बाजूला भारतातील पद्धत आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधील पद्धत लिहिली तर फरक ठळक होतात.

सराव

मराठी माध्यमात शिकलेल्या किंवा इंग्रजी वाचनाची सवय सुटलेल्या व्यक्तीने प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर त्याचा आशय घरातील कोणाला तरी मराठीत सांगावा, परंतु विशेषनामे आणि पारिभाषिक शब्द इंग्रजीतच ठेवावेत. परीक्षा इंग्रजीत असते. वेल्समध्ये वेल्श आणि स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश गेलिक निवडता येते, पण आपल्याला त्याचा उपयोग नाही. मराठीत समजलेली गोष्ट इंग्रजी शब्दांतून ओळखता आली नाही तर तो अभ्यास वाया जातो.

पुस्तकात ठिकठिकाणी ‘हे तुम्हाला समजले का, तपासा’ अशा अर्थाच्या चौकटी आहेत. लोक त्या वगळून थेट मोबाइलवरील सराव प्रश्नांकडे जातात, हे मला चुकीचे वाटते. परीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे काय, हे त्या चौकटींतूनच कळते. सराव प्रश्नसंच जरूर सोडवावेत, मात्र पुस्तक एकदा पूर्ण झाल्यावर, आणि एखाद्या संचातील उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर पुस्तक प्रमाण मानावे. केवळ प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवल्याने प्रश्नांचे शब्द पाठ होतात आणि प्रत्यक्ष परीक्षेत तोच मुद्दा वेगळ्या शब्दांत आला की गाडी अडते.

प्रश्नांचे चार प्रकार असतात. चारांपैकी एक उत्तर निवडणे, विधान खरे की खोटे ते सांगणे, दोन विधानांपैकी बरोबर कोणते ते ओळखणे आणि चारांपैकी दोन बरोबर उत्तरे निवडणे. शेवटचा प्रकार सर्वांत अवघड. पहिले योग्य उत्तर दिसताच समाधान होते आणि दुसरे निवडायचे राहून जाते, म्हणून प्रश्नात किती उत्तरे मागितली आहेत ते आधी वाचण्याची सवय सरावातच लावून घ्यावी. रोज तासभर दिल्यास चार ते सहा आठवड्यांत तयारी होते. सराव संचांत २४ पैकी सातत्याने २१ किंवा २२ गुण मिळू लागल्याशिवाय परीक्षेची तारीख घेऊ नये, कारण १८ च्या काठावर असलेला उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेच्या ताणात दोन-तीन प्रश्न सहज गमावतो.

नोंदणी आणि परीक्षेचा दिवस

नोंदणी केवळ सरकारच्या गव्ह.यूके या संकेतस्थळावरूनच करावी. त्याच्यासारखी दिसणारी आणि जादा पैसे आकारणारी इतर संकेतस्थळे आढळतात. परीक्षेच्या किमान तीन दिवस आधी नोंदणी करावी लागते, देशभरात तीसहून अधिक केंद्रे आहेत आणि अपंगत्वामुळे काही विशेष सोय हवी असल्यास ती नोंदणीच्या वेळीच मागावी.

आपल्या लोकांची सर्वाधिक अडचण नावात होते. महाराष्ट्रातील अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव ‘गिव्हन नेम’च्या ओळीतच छापलेले असते, तर बँकेत किंवा कार्यालयात तेच नाव मधल्या नावाशिवाय चालत असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या, परंतु पासपोर्टवर माहेरचेच नाव असलेल्या स्त्रियांचीही हीच गत होते. नोंदणी करताना रोजच्या वापरातील नाव न लिहिता ओळखपत्रावर जसे छापले आहे तसेच, त्याच क्रमाने आणि त्याच वर्णांत संपूर्ण नाव लिहावे. ज्या ओळखपत्राने नोंदणी केली तेच मूळ ओळखपत्र केंद्रावर न्यावे लागते. ते नसल्यास परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्कही परत मिळत नाही. पासपोर्ट नूतनीकरणासाठी पाठवायचा असेल तर तो परत आल्यानंतरचीच तारीख घ्यावी.

केंद्रावर वेळेआधी पोहोचावे. मोबाइल, घड्याळ आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि लहान मुलांना परीक्षेच्या खोलीत नेता येत नाही, त्यामुळे घरी कोण थांबणार ते आधी ठरवावे. एका प्रश्नाला जवळजवळ दोन मिनिटे मिळत असल्याने वेळ कमी पडत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरे निश्चित येतात ते आधी सोडवून संशयाचे प्रश्न खूण करून मागे ठेवावेत आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा होत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. वेळ उरली म्हणून खात्रीने दिलेली उत्तरे बदलत बसण्यापेक्षा दोन उत्तरे मागणारे प्रश्न पुन्हा तपासावेत.

उत्तीर्ण झाल्यास एक विशिष्ट संदर्भ क्रमांक मिळतो आणि पुढे आयएलआरच्या किंवा नागरिकत्वाच्या अर्जात तोच लिहावा लागतो. परीक्षा आणि अर्ज यांत काही वर्षांचे अंतर पडू शकते, तोवर नोकरी बदलून कार्यालयाचा ईमेल बंद झालेला असतो, म्हणून नोंदणी खासगी ईमेलवरूनच करावी आणि क्रमांक कागदावरही उतरवून पासपोर्टबरोबर ठेवावा. अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा परीक्षा देता येते, कितीही वेळा देता येते, मात्र दर वेळी नव्याने नोंदणी करून शुल्क भरावे लागते. अशा वेळी केंद्रातून बाहेर पडताच अडलेल्या प्रश्नांचे विषय आठवतील तेवढे लिहून काढावेत, पुस्तकातील त्या पानांवर खुणा कराव्यात आणि सातव्याच दिवसाची घाई न करता ती पाने पक्की झाल्यावरच पुढची तारीख घ्यावी.